हद्दीबाहेरच्या डिस्क-विनंत्या: लिनक्सच्या ब्लॉक लेयरविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॉगमध्ये ‘अटेम्प्ट टू अ‍ॅक्सेस बियॉन्ड एंड ऑफ डिव्हाइस’ (डिव्हाइसच्या शेवटापलीकडे जाण्याचा प्रयत्न) ही ओळ दिसली की जे विचारलं जातं ते इथे आहे. शेवटचे काही प्रश्न ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी आहेत. आज्ञांची नावं देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीसारखीच टाइप करायची.

ही ओळ आली म्हणजे डिस्क गेली का?

बहुतेक वेळा नाही. ही ओळ डिस्ककडून आलेलीच नसते. कर्नलच्या ब्लॉक लेयरने, म्हणजे फाइल सिस्टिम आणि डिस्क यांच्यामधल्या थराने, विनंती डिस्कपर्यंत जाऊच दिली नाही, दारातूनच परत पाठवली, एवढाच तिचा अर्थ. सेक्टर खराब असता तर ‘मीडियम एरर’ किंवा ‘अनकरेक्टेबल’ असे शब्द असलेली वेगळी ओळ आली असती, आणि तिच्या आधी डिस्कने काही सेकंद धडपड केलेली दिसली असती. इथे नकार तत्काळ मिळतो.

सातबाऱ्यावर क्षेत्र एक आणि प्रत्यक्ष मोजणीत दुसरं, तसा हा प्रकार. फाइल सिस्टिमच्या सुपरब्लॉकमध्ये, म्हणजे तिच्या मुख्य नोंदीत, एक आकार नोंदलेला असतो, आणि कर्नलच्या मते डिव्हाइसचा आकार दुसराच असतो. यातला कुठला आकडा खोटा आहे हे कळेपर्यंत कशावरही लिहू नका, दुरुस्तीची आज्ञाही चालवू नका. तिसरी शक्यता अशी की दोन्ही आकार बरोबर आहेत, पण मेटाडेटातला (फाइल सिस्टिमच्या स्वतःच्या नोंदींतला) एखादा ब्लॉक क्रमांक बिघडून भलतीकडे बोट दाखवतोय. ती कशी ओळखायची ते पुढे येईल.

ही तपासणी नेमकी कुठे होते?

फाइल सिस्टिम, स्वॅप, एलव्हीएम (डिस्कची जागा व्हॉल्यूममध्ये वाटणारी व्यवस्था), कुणीही डिस्ककडे काही मागितलं की ती मागणी ‘बायो’ नावाच्या रचनेतून ब्लॉक लेयरकडे येते. तिच्यात सुरुवातीचा सेक्टर असतो आणि लांबी असते. सेक्टर इथे कायम ५१२ बाइटचा धरतात, डिस्क ४०९६ बाइटची असली तरी. बायो रांगेत जाण्याआधी ‘बायो चेक ईओडी’ हे छोटं फंक्शन तिची हद्द तपासतं. हद्द ओलांडलेली असेल तर बायो ‘आयओ एरर’ घेऊन तिथल्या तिथे संपतो.

विनंती पार्टिशनवर आली असेल तर आधी पार्टिशनच्या आकाराशी तुलना होते आणि मगच पार्टिशनची सुरुवात मिळवून पूर्ण डिस्कवरचा सेक्टर काढला जातो. क्रम उलटा असता तर पहिल्या पार्टिशनची हद्द ओलांडणारी विनंती ‘डिस्कच्या आत आहे’ म्हणून सुटली असती आणि शेजारच्या पार्टिशनवर लिहून मोकळी झाली असती. तुमचा डेटा वाचवणारी गोष्ट ही आहे. संदेश दिसला की चिडण्याआधी हे लक्षात घ्या.

त्या ओळीतले आकडे कसे वाचायचे?

जुन्या कर्नलची ओळ साधारण अशी असते:

एसडीबी१: आरडब्ल्यू=१२२८८, वॉन्ट=२०९७१५२००, लिमिट=२०९७१३१५२

‘लिमिट’ म्हणजे कर्नलच्या मते डिव्हाइसमध्ये एकूण किती सेक्टर आहेत. ‘वॉन्ट’ला पुष्कळ जण विनंतीची सुरुवात समजतात. ते चूक आहे. विनंती जिथे संपते त्याच्या लगेच पुढचा सेक्टर म्हणजे वॉन्ट. नव्या कर्नलमध्ये हा घोळ काढला आहे. तिथे ‘सेक्टर’ आणि ‘एनआर सेक्टर्स’ वेगवेगळे छापतात आणि ओळीच्या सुरुवातीला विनंती करणाऱ्या प्रोसेसचं नावही असतं. त्या नावावर फार विसंबू नका. मागून लिहिणारा कर्नलचा वर्कर असेल तर त्याचंच नाव येतं, मूळ प्रोग्रॅमचं नाही.

‘आरडब्ल्यू’ हा आकडा बिट्सचा आहे. खालचे ८ बिट म्हणजे काम: ० वाचन, १ लेखन, ३ डिस्कार्ड (‘ही जागा आता नको’ असं डिस्कला कळवणं). वरचे बिट म्हणजे शेरे. २०४९ म्हणजे २०४८ अधिक १, अर्थात सिंक्रोनस लेखन. १२२८८ म्हणजे ४०९६ अधिक ८१९२, अर्थात मेटाडेटाचं तातडीचं वाचन. ५२४२८८ म्हणजे रीडअहेड: ‘पुढे लागेल’ म्हणून आगाऊ केलेलं वाचन. बिटांच्या जागा कर्नलच्या आवृत्तीनुसार सरकलेल्या आहेत, म्हणून फार जुन्या यंत्रावर हे आकडे डोळे झाकून लावू नका.

फक्त ५२४२८८च्या ओळी येत असतील आणि कुठलीही फाइल वाचताना अडत नसेल तर घाई नाही. १ किंवा २०४९ दिसला तर मात्र काहीतरी लिहायचं होतं आणि ते लिहिलं गेलेलं नाही. माउंट काढा.

फरकावरून कारण ओळखता येतं का?

बऱ्याचदा येतं, आणि या सगळ्या प्रकारात सर्वांत उपयोगी सवय हीच: वॉन्टमधून लिमिट वजा करा.

वरच्या ओळीत २०९७१५२०० वजा २०९७१३१५२ म्हणजे बरोबर २०४८ सेक्टर, १ मेबीबाइट. आजकाल पहिलं पार्टिशन २०४८व्या सेक्टरपासून सुरू होतं. म्हणजे कुणीतरी पूर्ण १०० गिबीबाइट डिस्कवर केलेल्या फाइल सिस्टिमची प्रतिमा तेवढ्याच डिस्कच्या पहिल्या पार्टिशनमध्ये ओतली, आणि शेपटीचा १ मेबीबाइट बाहेर राहिला. डिस्क निर्दोष आहे.

फरक ३३ आला तर जीपीटी ही पार्टिशन टेबलाची नवी पद्धत आठवा. तिची राखीव प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ३३ सेक्टर घेते: ३२ नोंदींचे, १ हेडरचा. जुन्या एमबीआर डिस्कचं जीपीटीत रूपांतर करताना शेवटचं पार्टिशन ३३ने आखूड केलं आणि आतली फाइल सिस्टिम तशीच ठेवली की हाच आकडा येतो. ४०९६ म्हणजे लक्स या डिस्क-एनक्रिप्शन पद्धतीच्या पहिल्या आवृत्तीचं २ मेबीबाइटचं हेडर. ३२७६८ म्हणजे दुसऱ्या आवृत्तीचं १६ मेबीबाइटचं. फरक नुसता १ असेल तर संशय यूएसबी पेटीवर (डिस्क बसवायच्या बाहेरच्या केसवर). लिमिट वॉन्टच्या साधारण निम्मी किंवा एक तृतीयांश असेल तर तुम्ही अनेक डिस्क जोडून केलेल्या रेड-०चा एकच सदस्य पाहत आहात. आणि लिमिट ही खऱ्या आकारातून ४२९४९६७२९६ वजा केल्यावर उरणारी संख्या असेल तर कुठेतरी ३२ बिटांचा आकडा भरून उलटला आहे. ३ टेराबाइटची डिस्क जुन्या पेटीत ७४६ गिबीबाइटची दिसते ती याच हिशोबाने.

वॉन्ट अवाढव्य असेल, डिस्कच्या हजारो पट, आणि दर वेळी निराळा, तर ती तिसरी शक्यता: मेटाडेटा बिघडला आहे. असं झालं की एफएससीके या फाइल सिस्टिम दुरुस्त करणाऱ्या आज्ञेच्या आधी रॅम तपासा. खराब रॅम असलेल्या यंत्रावर दुरुस्ती चालवणं म्हणजे आगीत तेल.

दोन्ही बाजूंची मोजणी कशी करायची?

कर्नलची बाजू: ‘ब्लॉकडेव्ह’ला ‘गेटएसझेड’ हा पर्याय दिला की ५१२ बाइटच्या सेक्टरांत आकार मिळतो, ‘गेटसाइझ६४’ दिला की बाइटमध्ये, आणि ‘गेटएसएस’ दिला की डिस्कचा लॉजिकल सेक्टर किती बाइटचा ते कळतं. सिसएफएसमधली ‘साइझ’ ही फाइल नेहमी ५१२च्या हिशोबातच असते. ४०९६ बाइटच्या डिस्कवर हे विसरलं की उत्तर आठपट चुकतं.

फाइल सिस्टिमची बाजू: एक्स्ट४साठी ‘डम्पई२एफएस’ला ‘एच’ पर्याय द्या, ब्लॉक काउंटला ब्लॉक साइझने गुणा आणि ५१२ने भागा. ४०९६ बाइटचा ब्लॉक असेल तर थेट ८ने गुणलं तरी चालतं. एक्सएफएससाठी ‘एक्सएफएस डीबी’ केवळ-वाचन पद्धतीने उघडून पहिल्या सुपरब्लॉकमधलं ‘डीब्लॉक्स’ वाचा.

हार्डवेअरची बाजू: ‘स्मार्टसीटीएल’ला ‘आय’ पर्याय दिला की डिस्क स्वतः सांगते ती क्षमता येते. साटा डिस्क असेल तर ‘एचडीपार्म’चा मोठा ‘एन’ पर्यायही चालवा. दोन आकडे तिरप्या रेषेने वेगळे दिसतील. ते सारखे नसतील तर डिस्कचा शेवटचा भाग ‘होस्ट प्रोटेक्टेड एरिया’ म्हणून झाकलेला आहे. एका यंत्रावर तो उघडा असताना केलेली पार्टिशनं दुसऱ्या यंत्रावर हद्दीबाहेर जातात, हे अजूनही घडतं. कर्नलच्या साटा ड्रायव्हरचा, म्हणजे लिबाटाचा, ‘इग्नोर एचपीए’ पर्याय १ केला की तो भाग दिसू लागतो.

एक्स्ट४ म्हणते ‘बॅड जिऑमेट्री’. हे तेच का?

तेच, फक्त एक पायरी आधी पकडलेलं. माउंट करतानाच एक्स्ट४ आपला ब्लॉक काउंट आणि डिव्हाइसचा आकार ताडून बघते आणि जमत नसेल तर माउंट नाकारते. वरच्या उदाहरणात ती म्हणेल की २६२१४४०० ब्लॉक हवेत आणि डिव्हाइसमध्ये २६२१४१४४ आहेत. एक्सएफएस वेगळ्या मार्गाने जाते. ती माउंटच्या वेळी मुद्दाम आपला शेवटचा सेक्टर वाचून पाहते. ब्लॉक लेयर तो नाकारतो, आणि लॉगमध्ये हद्दीच्या ओळीखाली ‘लास्ट सेक्टर रीड फेल्ड’ असं उमटतं.

मग एफएससीके चालवू का?

लगेच नको. ई२एफएससीके अशा वेळी स्वतःच थांबून सांगतं की सुपरब्लॉकमधला आकार आणि डिव्हाइसचा आकार जुळत नाहीत, दोन्हींपैकी काहीतरी बिघडलेलं असावं, काम थांबवू का? तिथे ‘होय’ म्हणा. हा प्रश्न ‘दुरुस्त करू का’ असा नसून ‘थांबू का’ असा आहे, आणि सवयीने उलट उत्तर देणाऱ्यांची संख्या कमी नाही. ‘नाही’ म्हणून पुढे गेलात तर हद्दीबाहेरचे ब्लॉक वाचता येत नाहीत म्हणून एफएससीके ते आयनोड (फाइलींच्या नोंदी) साफ करू शकतं. पार्टिशन पुन्हा मोठं केलं असतं तर त्या फाइली जशाच्या तशा मिळाल्या असत्या.

आधी पार्टिशन लहान केलं आणि फाइल सिस्टिम लहान करायची राहिली. आता?

पार्टिशनच्या शेवटानंतर सुटलेली जागा अजून मोकळी असेल तर हे पूर्ण सुधारता येतं.

१. माउंट काढा. रूट पार्टिशन असेल तर लाइव्ह यूएसबीवरून चालू करा.
२. ‘एसएफडिस्क’च्या ‘डम्प’ पर्यायाने सध्याचं पार्टिशन टेबल दुसऱ्या डिस्कवर जतन करा.
३. फाइल सिस्टिमला किती सेक्टर हवेत ते वर सांगितल्याप्रमाणे काढा.
४. ‘पार्टेड’च्या ‘रिसाइझपार्ट’ने फक्त शेवट पुढे सरकवा, म्हणजे पार्टिशन मोठं करा. एफडिस्कने पार्टिशन काढून पुन्हा करत असाल तर सुरुवातीचा सेक्टर तोच ठेवा, आणि ‘इथे एक्स्ट४ची सही दिसते, काढू का’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणा.
५. ‘पार्टप्रोब’ चालवा आणि ‘गेटएसझेड’ पुन्हा पाहा. आकडा हवा तेवढा किंवा जास्त झाला पाहिजे.
६. आता ई२एफएससीके आधी ‘एफ’ आणि ‘एन’ लावून, म्हणजे काही न बदलता, चालवा. स्वच्छ निघालं तर माउंट करा.

लहान करायचंच असेल तर क्रम असा: आधी ‘रिसाइझ२एफएस’, नंतर पार्टिशन, आणि पार्टिशन थोडं मोठंच ठेवायचं. शेवटी ‘रिसाइझ२एफएस’ आकार न देता पुन्हा चालवलं की उरलेली फट भरून निघते.

त्या सुटलेल्या जागेत दुसरं पार्टिशन होऊन त्यात डेटा गेला असेल तर शेपटी गेली. तरीही मूळ डिस्कवर प्रयोग नकोत. पार्टिशनची प्रतिमा मोठ्या डिस्कवर घ्या, ‘ट्रंकेट’ने ती फाइल सिस्टिमच्या पूर्ण आकाराएवढी लांब करा म्हणजे शेवटी शून्यं भरली जातील, आणि लूप डिव्हाइसवरून त्या प्रतीवर एफएससीके चालवा. हद्दीची तक्रार जाते आणि जे आत होतं ते बरंचसं हाती लागतं.

एलव्हीएममध्येही हेच का?

दुखणं तेच, औषध वेगळं. ‘एलव्हीरिड्यूस’ला लहान ‘आर’ पर्याय न देता चालवलं की फाइल सिस्टिम बाहेर लोंबू शकते. घाईत ‘एलव्हीएक्सटेंड’ करून तेवढीच जागा परत देऊ नका. एलव्हीएम भलतेच एक्स्टेंट देऊ शकतं आणि मग आकार जुळतो पण शेवटचा मजकूर दुसराच असतो. ही चूक पहिल्या चुकीपेक्षा वाईट, कारण आता तक्रार करणारं कुणी नाही.

एलव्हीएम प्रत्येक बदलाआधी मेटाडेटाची प्रत ईटीसीमधल्या ‘एलव्हीएम/आर्काइव्ह’ फोल्डरात ठेवतं. ‘व्हीजीसीएफजीरिस्टोर’च्या यादीतून रिड्यूसच्या लगेच आधीची नोंद निवडा, व्हॉल्यूम बंद करा, ती परत बसवा. थिन पूल असेल तर हा उपाय वापरू नका. एसएसडी असेल तर एलव्हीएमच्या सेटिंगमध्ये ‘इश्यू डिस्कार्ड्स’ काय आहे तेही पाहा. मुळात ते ० असतं. कुणी १ केलं असेल तर सोडलेली जागा डिस्कार्ड झाली आहे, आणि तिच्यातून काही परत येईल हे धरून चालू नका.

चालू पार्टिशन जागेवरच एनक्रिप्ट केलं, त्यानंतर हे सुरू झालं.

लक्सच्या हेडरला जागा लागते, म्हणून आतलं डिव्हाइस बाहेरच्यापेक्षा तेवढं लहान होतं. एनक्रिप्ट करण्याआधी फाइल सिस्टिम लहान करणं म्हणूनच सक्तीचं आहे. दुसऱ्या आवृत्तीत ‘रिड्यूस डिव्हाइस साइझ’ला ३२ मेबीबाइट देण्याची पद्धत आहे: हेडर १६चं, आणि डेटा सरकवताना हाताशी जागा हवी म्हणून दुप्पट. फाइल सिस्टिम किमान तेवढी आधी आखूड करा.

एमडीरेडची (लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडची) १.० आणि ०.९० मेटाडेटा पद्धतही याच कुळातली. ती डिव्हाइसच्या शेवटी बसते. भरलेल्या पार्टिशनवर तसा अ‍ॅरे केला की अ‍ॅरे किंचित लहान निघतो.

बूट होताना ‘एक्स्टेंड्स बियॉन्ड ईओडी, ट्रंकेटेड’ दिसतं. मदरबोर्डवरचं रेड चालू आहे.

घाबरण्यासारखं काही नाही. रेड-०चं पार्टिशन टेबल पहिल्या सदस्य डिस्कच्या पहिल्या सेक्टरवरच पडलेलं असतं. रेड जोडण्याआधी कर्नल ती डिस्क एकटीच वाचतो, आणि टेबलात डिस्कपेक्षा मोठं पार्टिशन बघून ते कापून घेतो. रेड जोडलं की खरं चित्र दिसतं. त्या एकट्या डिस्कवरचं ‘पार्टिशन’ दुरुस्त करायला मात्र जाऊ नका. रेड-१मध्ये ते माउंटही होतं, आणि मग दोन प्रतींत फरक पडतो.

यूएसबी पेटीतून काढून थेट जोडली की डिस्क ‘रिकामी’ दिसते.

काही पेट्या ५१२ बाइटची डिस्क बाहेर ४०९६ बाइटची म्हणून दाखवतात, मोठी डिस्क जुन्या एमबीआरमध्ये बसावी म्हणून. पार्टिशन टेबलातले क्रमांक मग ४०९६च्या मापात लिहिले जातात. थेट जोडल्यावर तेच क्रमांक ५१२च्या मापात वाचले जातात आणि सगळं आठपट अलीकडे सरकतं. जीपीटी तर सापडतच नाही, कारण क्रमांक १चा सेक्टर आधी ४०९६व्या बाइटवर होता, आता तो ५१२व्या बाइटवर शोधला जातो. डेटा जागेवरच आहे. डिस्क त्याच पेटीत परत घाला आणि आधी डेटा उतरवून घ्या.

फरक एका सेक्टरचाच असेल तर कारण स्कझीच्या ‘रीड कपॅसिटी’ आज्ञेत आहे. ती एकूण संख्या सांगत नाही, शेवटच्या सेक्टरचा क्रमांक सांगते. १००० सेक्टरची डिस्क ९९९ म्हणते आणि ड्रायव्हर १ मिळवतो. काही पेट्यांचं फर्मवेअर तिथे थेट १०००च सांगतं, ड्रायव्हर १००१ समजतो, आणि नसलेला सेक्टर वाचायला गेलं की पेटी लटकते. ‘यूएसबी-स्टोरेज’च्या ‘क्वर्क्स’मध्ये उत्पादकाचा आणि वस्तूचा क्रमांक देऊन पुढे ‘सी’ अक्षर लावलं की कर्नल एक सेक्टर कमी धरतो. ‘एच’ लावलं तर संख्या विषम असेल तेव्हाच. शेवटच्या काही सेक्टरांना एकाच मोठ्या विनंतीत हात लावला की गोंधळणारे कार्ड रीडरही आहेत. त्यांच्यासाठी ‘एसडी’ ड्रायव्हर शेवटचे ८ सेक्टर एकेक करून वाचतो.

१ टेराबाइटचा स्वस्त पेनड्राइव्ह. लॉगमध्ये काहीच नाही, पण फाइली बिघडतात.

बनावट क्षमतेचा असावा. इथे ब्लॉक लेयर काहीच करू शकत नाही, कारण हद्द सांगणाराच खोटं बोलतोय. आतली चिप समजा ३२ गिगाबाइटची. त्यापुढचं लेखन एकतर हवेत जातं किंवा गोल फिरून सुरुवातीवर पडतं. ‘एफ३’ या साधनातलं ‘एफ३राइट’ पूर्ण भरतं आणि ‘एफ३रीड’ परत वाचून ताडतं. ‘एफ३प्रोब’ लवकर निकाल देतं. खरी क्षमता कळल्यावर तेवढ्याच हद्दीचं पार्टिशन करता येतं, पण त्यावर महत्त्वाचं काही ठेवणं शहाणपणाचं नाही.

डीडीने मुद्दाम पुढचा सेक्टर मागितला तर ही ओळ येत नाही. असं का?

कारण ती विनंती ब्लॉक लेयरपर्यंत पोचतच नाही. डिव्हाइस फाइल उघडून शेवटापलीकडे वाचलं तर शून्य बाइट मिळतात, साध्या फाइलसारखाच ‘फाइल संपली’. तिथे लिहायला गेलात तर ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. ब्लॉक डिव्हाइसच्या फाइल-थरातच दोन्ही निकाल लागतात. म्हणून लॉगमधली ती ओळ जवळपास नेहमी कर्नलच्या आतल्या कुणाची तरी असते: फाइल सिस्टिम, डिव्हाइस मॅपर, स्वॅप. शोध तिकडे वळवा.

ड्रायव्हरमध्ये तपासणी लिहायची आहे. ‘सेक्टर + संख्या > क्षमता’ पुरेसं नाही का?

नाही. सेक्टर ६४ बिटांचा, चिन्हरहित. सुरुवात २च्या ६४व्या घातापेक्षा ४ने कमी असेल आणि संख्या ८ असेल तर बेरीज उलटून ४ येते, ४ क्षमतेपेक्षा लहान ठरतो, आणि विनंती आत. ब्लॉक लेयर म्हणूनच वजाबाकी करतो: आधी संख्या क्षमतेपेक्षा मोठी आहे का, आणि नसेल तर सुरुवात ‘क्षमता वजा संख्या’पेक्षा मोठी आहे का. पहिली अट गाळली तर दुसरीतली वजाबाकीच खाली उलटते, म्हणून दोन्ही, आणि याच क्रमाने. ही नवशिक्याची चूक समजू नका. लिनक्सच्या डिस्कार्ड आयऑक्टलमधली अशीच बेरीज २०२४ मध्ये दुरुस्त झाली.

बाकीच्या खाचाखोचा अशा. शून्य लांबीची विनंती, म्हणजे रिकामा फ्लश, अडवू नका. तिच्या सेक्टरला अर्थच नसतो. डिस्कार्ड आणि ‘राइट झिरोज’ यांना मात्र तीच तपासणी लावा, कारण हद्दीबाहेरचं डिस्कार्ड शेजाऱ्याचा डेटा पुसतं, आणि तेही एकही बाइट न पाठवता. सेक्टरचे बाइट करताना डावीकडे ९ बिट सरकवण्याआधी तो ६४ बिटांच्या प्रकारात घ्या. क्षमता एकदाच वाचून स्थानिक चलात ठेवा. दोनदा वाचलीत तर मधल्या क्षणात कुणी डिव्हाइसचा आकार बदलू शकतो.

आणि नाकारलेली विनंती पूर्ण झाल्याचं कळवा. नुसतं ‘रिटर्न’ केलं आणि ‘बायो एंडआयओ’ बोलावलं नाही, तर वाट पाहणारी प्रोसेस ‘डी’ अवस्थेत अडकते आणि किल केली तरी हलत नाही.

अर्धी विनंती आत, अर्धी बाहेर. कापून घ्यावी की पूर्ण नाकारावी?

इथे घराणी वेगळी आहेत. नेटबीएसडीच्या जुन्या पद्धतीत तीन निकाल: बरोबर शेवटावर सुरू होणारी विनंती म्हणजे ‘फाइल संपली’, शेवट ओलांडणारी कापून घ्यायची, आणि पूर्ण पलीकडची चूक म्हणून परत. फ्रीबीएसडीचा जिओम थरही शेवट ओलांडणारी विनंती माध्यमाच्या शेवटापर्यंत कापतो. लिनक्सचा ब्लॉक लेयर अख्खी नाकारतो.

आमच्या मते लेखनासाठी लिनक्सचंच बरोबर. जर्नलचा अर्धा ब्लॉक लिहून ‘झालं’ म्हणणं धोक्याचं आहे. वाचनात मात्र एक खरी अडचण येते. डिव्हाइसमध्ये १००१ सेक्टर आहेत आणि ब्लॉक ४०९६ बाइटचा, तर शेवटचा ब्लॉक नेहमीच ७ सेक्टर बाहेर जाणार. त्यासाठी बफर थर ‘गार्ड बायो ईओडी’ने विनंती आधीच कापून पाठवतो आणि वाचनात उरलेली जागा शून्यांनी भरतो. म्हणजे कापाकापी लिनक्समध्येही आहे. फक्त ती मागणारा करतो, दारावरचा नाही.

कर्नल तपासतोच, मग डिस्कने आणि हायपरवायझरने पुन्हा कशाला तपासायचं?

कर्नलची माहिती शिळी असू शकते म्हणून. स्टोरेज अ‍ॅरेवर कुणी लन (सर्व्हरला दिलेला डिस्कचा तुकडा) आखूड केलं आणि सर्व्हरने रीस्कॅन केलं नाही, तर ब्लॉक लेयर जुन्याच हद्दीने पास देतो. तेव्हा नकार खालून येतो आणि त्याची भाषा वेगळी असते. स्कझीमध्ये ‘इल्लीगल रिक्वेस्ट’, सेन्स की ५, एएससी हेक्स २१: लॉजिकल ब्लॉक अ‍ॅड्रेस आउट ऑफ रेंज. एनव्हीएमईमध्ये स्टेटस कोड हेक्स ८०. साटामध्ये एरर रजिस्टरचा बिट क्रमांक ४ (०पासून मोजून), लॉगमध्ये ‘आयडीएनएफ’. या शेवटच्याबाबत सावध राहा: क्रमांक क्षमतेच्या आत असूनही आयडीएनएफ आला तर हद्दीचा प्रश्न नाही, डिस्कला तो सेक्टरच सापडत नाहीये. अशा डिस्कची प्रत त्याच दिवशी काढा.

व्हर्च्युअल यंत्रात पाहुण्या ऑपरेटिंग सिस्टिमवर विश्वास ठेवायचाच नसतो. तिच्या आतला कर्नल हल्लेखोराच्या हाती असू शकतो. क्यूएमूचं व्हर्टआयओ-ब्लॉक म्हणून प्रत्येक विनंतीची हद्द स्वतः तपासतं.

लिमिट=० दिसतंय.

डिव्हाइस निघून गेलं: केबल, हब, किंवा मागची फाइल सुटलेलं लूप डिव्हाइस. नवा कर्नल क्षमता ० असताना ही ओळ न छापता एरर देतो. त्याआधीच्या ओळी वाचा, खरं कारण तिथे असतं.

हे सगळं डिस्क न बिघडवता करून बघता येईल का?

येईल, एका फाइलवर. ‘ट्रंकेट’ने ५१२ मेबीबाइटची फाइल करा, ‘लोसेटअप’ने तिला लूप डिव्हाइस द्या, त्यावर ‘एमकेएफएस डॉट एक्सएफएस’ चालवा. हे १०४८५७६ सेक्टर झाले. आता ‘डीएमसेटअप क्रिएट’ने त्याच लूपवर एक लिनीअर डिव्हाइस करा: सुरुवात ०, लांबी १०४६५२८, म्हणजे २०४८ने आखूड. ते नवं डिव्हाइस माउंट करायला जा. माउंट नाकारलं जाईल आणि ‘डीमेसेज’मध्ये लिमिट=१०४६५२८ दिसेल; सेक्टर आणि एनआर सेक्टर्सची बेरीज १०४८५७६ भरेल. मग ‘डीएमसेटअप’मध्ये टेबल बदलून लांबी पूर्ण करा, पुन्हा माउंट करा, आणि ते बिनतक्रार होताना बघा. उलटं करून पाहायचं असेल, म्हणजे लिनीअर डिव्हाइस लूपपेक्षा लांब, तर डिव्हाइस मॅपर टेबल लावतानाच ‘टू स्मॉल फॉर टार्गेट’ म्हणून अडवतो. आवरताना क्रम ठेवा: माउंट काढा, ‘डीएमसेटअप रिमूव्ह’, ‘लोसेटअप’चा ‘डी’ पर्याय, आणि सर्वांत शेवटी फाइल.